नळाचा दिवस आणि अंगणाची दिवाळी

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात संभाजीनगरातल्या घरांत दोन पंचांगं बघितली जातात. एक भिंतीवरचं, वसुबारस कधी, लक्ष्मीपूजन कधी, हे त्यात छापलेलं असतं. दुसरं कुठंही छापलेलं नसतं, पण गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं : नळ कधी येणार. पैठणला जायकवाडी धरणाचा १०२ टीएमसीचा नाथसागर पसरलेला असताना या शहराच्या नळाला वर्षानुवर्षं चार, सहा, कधी आठ-दहा दिवसांआड पाणी येत आलं आहे. त्यामुळे अंगण धुणं, ओटा घासणं, ग्रिलची जाळी-जळमटं काढणं, गच्चीवरचं शेवाळ खरवडणं ही सगळी कामं नळाच्या दिवसाला बांधलेली. तो दिवस धनत्रयोदशीच्या आगेमागे आला, की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाईप लागतात, खराटे चालतात आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला चप्पल हातात घ्यावी लागते. दोन दिवस आधी येऊन गेला, तर बायका मनातल्या मनात हिशेब करतात : टाकीतलं किती, ड्रममधलं किती, पाहुणे किती.

घराबाहेरच्या जागेच्या सजावटीवर लिहायचं, तर सुरुवात दिव्यांच्या माळांपासून करायची रीत आहे. या शहरात ती पाण्यापासून करावी लागते. इथल्या अंगणाचा आकार, त्याची सजावट, त्यात काय टिकतं आणि काय मोडतं, हे सगळं पाण्यानं ठरवलेलं आहे, असं माझं मत आहे. आणि पाण्याचं हे ठरवणं आजचं नाही.

मलिक अंबरनं १६१० साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यानं उत्तरेच्या डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरींतून, निव्वळ उतारावर, शहरात आणलं. मोट नाही, चाक नाही. पुढे मोगलांच्या काळात नहरींची संख्या वाढली. पाणचक्कीची नहर याच पद्धतीची, काही मैलांवरच्या झऱ्याचं पाणी आणून उंचावरून हौदात सोडणारी. जुन्या शहरातल्या वाड्यांच्या आणि हवेल्यांच्या चौकांत हौद होते, काहींत कारंजी होती, ती या नहरींच्या जोरावर. चौकाच्या मधोमध पाणी, त्याच्याभोवती फरसबंदी, कडेला जाई-जुई किंवा मोगरा, एका कोपऱ्यात तुळस. आज गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक या भागांत जुना वाडा सापडलाच तर हौदात बहुधा माती भरलेली असते आणि त्या मातीत कुणीतरी कर्दळ लावलेली असते. कर्दळ छान वाढते. हौदाची ओल अजून कुठून मिळते कोण जाणे.

पाऊस संपताना या शहराच्या भोवतीचे डोंगर बघावेत. साताऱ्याचा डोंगर, गोगाबाबाची टेकडी, चौक्याचा घाट. सप्टेंबरात हिरवे, ऑक्टोबरच्या मध्याला गवताचे शेंडे पिवळे पडू लागलेले, आणि म्हैसमाळला तेरडा उतरणीला लागून सोनकी ऐन भरात. युरोप-अमेरिकेतला याच महिन्यांतला ऋतू पानगळीचा. आपली पानगळ माघ-फाल्गुनात. आपला शरद हा भरलेला ऋतू आहे. विहिरींना पाणी, कणसांत दाणा, दिवसा ऑक्टोबरची चटका देणारी उन्हं आणि पहाटे पांघरूण ओढावं असा गारवा. म्हणूनच वर्षातले हे दीड-दोन महिने माणसं घराबाहेर बसू शकतात. जेवणं गच्चीवर होतात, कोजागरीचं दूध तर गच्चीवरच आटतं. घराबाहेरची जागा सजवायची ती याच काळात, कारण बाकीच्या वर्षात एकतर ऊन बसू देत नाही किंवा पाऊस.

मराठवाड्यातल्या खेड्यातली अंगणाची दिवाळी शहरातल्या मुलांनी बघितलेली नसते. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत रोज सकाळी अंगण झाडून शेणाचा सडा पडतो आणि सड्यावर शेणाच्याच गवळणी मांडल्या जातात. हातभर जागेत अख्खं गोकुळ. अंगठ्यानं चेपून केलेली एक बाई, तिच्या डोक्यावर शेणाच्याच गोळ्यांची उतरंड. दुसरी ताक घुसळणारी, रवीच्या जागी काडी. तिसरीच्या कडेवर पोर. गवळणींच्या डोक्यात झेंडूची पाकळी नाहीतर बांधावरून खुडून आणलेल्या कुर्डूचा गुलाबी-पांढरा तुरा खोवायचा, हळदी-कुंकू वाहायचं. पाडव्याला पांडव येतात, तेही शेणाचे. हे करणारीला कुणी कलाकार म्हणत नाही आणि तिलाही तसं वाटत नाही. भाकरी थापायच्या आधी उरकायचं ते एक काम. पण एकीच्या गवळणी दुसरीसारख्या कधीच होत नाहीत, आणि शेजारणी येता-जाता बघून जातात. ऊन चढलं की त्या वाळायला लागतात. वाळल्यावर त्यांच्या गोवऱ्याच होतात. दुसऱ्या दिवशी नव्या.

सड्याचं शास्त्र साधं आहे. शेणातल्या न पचलेल्या गवताच्या काड्या मातीची धूळ धरून ठेवतात, पातळ थर वाळला की पापुद्रा बसतो आणि गडद, खरखरीत, न चमकणारी अशी एक पाटी तयार होते. रांगोळी तिच्यावर जशी उठून दिसते तशी ती पांढऱ्या टाइल्सवर मेली तरी दिसत नाही. टाइल्सवर रांगोळी काढणाऱ्या बायकांनी याला उत्तर शोधलं आहे : आधी गेरूचा हात, मग रांगोळी. गेरू ओला असताना काढली तर रेघ फुटते, पूर्ण वाळू दिला तर रांगोळी घसरते. किंचित दमट असताना बसायचं. रांगोळीची पूड म्हणजे शिरगोळा नावाचा मऊ दगड दळलेला. चांगली पूड चिमटीतून सलग सुटते, फार बारीक असली तर गुठळ्या होऊन पडते. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हातात बसली आहे त्यांचं वय आता साठीच्या पुढे. मधल्या पिढीच्या हातात संस्कारभारतीची पद्धत बसली. १९८१ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नावानं आज महाराष्ट्रभर ओळखली जाणारी ही रांगोळी चिमटीनं काढत नाहीत. पाचही बोटांतून रंग सोडत मोठी गोलाई घ्यायची आणि तिच्यावर स्वस्तिक, गोपद्म, शंख अशी चिन्हं. मोठ्या मैदानाला ती शोभते. दोन बाय तीनच्या उंबऱ्यापुढे तीच रांगोळी काढली की लिफ्टमधून बाहेर पडणारा माणूस पहिलं पाऊल तिच्यावरच टाकतो.

उंबऱ्यापुढची जागा दोन बाय तीनची कशी झाली, हे बघायचं तर सिडकोत यावं. १९७० च्या दशकात सिडको या सरकारी महामंडळानं या शहराच्या पूर्वेला नवं शहर आखलं. एन-एक ते एन-तेरा. जुन्या शहरातले वाडे आतून उघडे होते, बाहेरून बंद. सिडकोनं ते उलटं केलं. छोटी घरं, पण प्रत्येकापुढे थोडी मोकळी जागा, मागे थोडी न्हाणीपुरती. वाळूजच्या, चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली, पैठण-गंगापूर-वैजापूर-अंबडकडून आलेली माणसं या घरांत राहायला आली आणि त्यांनी त्या मोकळ्या जागेत गावाकडचं अंगण मांडलं. तुळशीवृंदावन आलं, पेरू आला, कढीपत्ता आला, जास्वंद आणि पारिजातक कुंपणाला आले. पारिजातकावरून शेजाऱ्यांत वाद झाले, कारण झाड एकाचं आणि सडा दुसऱ्याच्या दारात. आश्विनात पहाटे एन-सहा, एन-नऊच्या आतल्या गल्ल्यांतून फिरलं की तो सडा अजून पायाखाली येतो.

पुढे घराला दुसरा मजला आला, मुलांच्या मोटारसायकली आल्या, मग चारचाकी. मोकळ्या जागेवर पोर्च आलं, पोर्चखाली कोटा फरशी, आणि फरशीखाली पाण्याची टाकी. ही टाकी महत्त्वाची. नळ आठवड्यानं येणार असेल तर पाणी साठवायला जागा हवी, आणि घरापुढच्या अंगणाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. सिडकोतल्या कितीतरी अंगणांचं असं झालं आहे, की खाली चार-पाच हजार लिटरची टाकी, वर लोखंडी झाकण आणि झाकणाच्या कडेकडेनं रांगोळी. झाकणावर काढली तर नळ आल्यावर मोडते. २००६ साली सिडकोनं या वसाहती महापालिकेकडे सोपवल्या. डिसेंबर २०२० मध्ये शहरासाठी १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं, खर्चाचा आकडा पुढे २,७४० कोटींवर गेला, आणि जायकवाडीपासून अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी टाकायचं काम शहराच्या रोजच्या बोलण्यातला विषय झालं. रोज पाणी आलं तर टाक्या बुजवून माती टाकू, असं म्हणणारे लोक मला भेटतात. माझा विश्वास बसत नाही. साठवायची सवय एकदा लागलेलं शहर टाकी बुजवत नाही.

म्हणून मग कुंड्या, आणि कुंड्यांसाठी गच्ची. दसऱ्यानंतर गच्चीवर पहिलं काम मातीचं. पावसाळाभर भिजून कुंडीतली माती दबलेली असते, तळाची भोकं मुळांनी आणि गाळानं बुजलेली असतात. आपली काळी माती शेताला सोनं असली तरी कुंडीत ती त्रास देते : ओली झाली की चिखल, सुकली की भेगा, आणि भेगांतून घातलेलं पाणी सरळ खाली. जाणते माळी तिच्यात वाळू, शेणखत आणि थोडा मुरूम मिसळतात. हिमायतबागेतल्या कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्रातून रोपं आणणारे लोक अजून आहेत. दिल्ली गेटकडून आत शिरलं की चारशे वर्षांच्या शहराच्या मध्यात एवढी झाडी शिल्लक आहे, याचं दर वेळी नवल वाटतं. कुंड्यांना पाणी कुठलं? डाळ-तांदूळ धुतलेलं, आरओतून वाया जाणारं, कपडे खळबळलेलं शेवटचं. आरओचं पाणी क्षारांचं असतं; महिनोन्महिने तेवढंच घातलं तर मातीवर पांढरी साय धरते, म्हणून नळाच्या दिवशी एकदा गोडं पाणी सडकून घालायचं. हे कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात नाही, गच्चीवरच्या गप्पांत आहे.

शेवंतीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याबद्दलची तक्रार दर दिवाळीला ऐकू येते : रोप नर्सरीतून आणलं तेव्हा छान होतं, नुसतं पानंच वाढवतंय, कळी नाही. शेवंती हे मोठ्या रात्रीचं झाड. दिवस लहान होऊ लागले, रात्रीचा अखंड काळोख वाढला की तिला कळी धरायची खूण पटते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला दिवस बारा तासांच्या आत येतो, म्हणजे शेवंतीला हवं ते सगळं असतं. पण कुंडी ठेवलेली असते जिन्याच्या दिव्याखाली किंवा रस्त्यावरच्या एलईडीच्या झोतात. रात्रभर उजेड. झाडाच्या लेखी अजून उन्हाळाच चालू आहे. कुंडी गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली की काही आठवड्यांत कळ्या दिसतात. गंमत अशी, की दिवाळीची सजावट म्हणून आपण कुंड्यांवरच दिव्यांच्या माळा गुंडाळतो आणि त्या रात्रभर चालू ठेवतो. निजताना बटण बंद करावं. वीजही वाचते.

झेंडूला असले नखरे नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैठण गेट, गुलमंडी, शहागंज, टीव्ही सेंटर, गजानन मंदिराचा चौक, जिथं जागा मिळेल तिथं झेंडूचे ढीग लागतात. आजूबाजूच्या तालुक्यांतले शेतकरी टेम्पो भरून रात्रीच येतात, पोत्यावर बसून डुलक्या घेतात. गणपती, दसरा आणि दिवाळी असे तीन बाजार धरून लावलेलं हे पीक. लावणीपासून दीड-दोन महिन्यांत फुलं. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस. हे वीस दिवस झाड जपलं तर दुसरा बाजारही हाती लागतो. सप्टेंबरात पावसानं झोडपलं की करपा पडतो, फूल पाणी पिऊन जड होतं आणि देठाशी काळं पडतं. सकाळी भाव आकाशाला, दुपारी तोच अर्ध्यावर, रात्री नऊनंतर ‘काय द्यायचं ते द्या’. दुसऱ्या दिवशी सकाळी न विकलेले ढीग रस्त्याच्या कडेला टाकलेले असतात आणि गायी निवांत त्यांच्यात उभ्या असतात. फुलं घेताना एकच बघावं : मूठ भरून दाबली तर तळवा ओला होता कामा नये. ओल्या फुलाचं वजन तुम्ही देता आणि तोरण दुसऱ्या दिवशी कुजतं. पाणी शिंपडून ताजी ठेवलेली फुलं सगळ्यात वाईट.

आणि हा झेंडू, ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही, तो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला, असं मानतात. नर्सरीवाले मोठ्या फुलाला आफ्रिकन म्हणतात, त्याचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. त्याच्या माहेरी, मेक्सिकोत, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरातल्या गेलेल्या माणसांसाठी दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. तारखा बघितल्या तर कित्येकदा आपली दिवाळी त्याच्याच आगेमागे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर हा घोळ दारातच दिसतो : पायरीवर हॅलोविनचा कोरलेला भोपळा, खांबाला बांधलेली मक्याची वाळकी ताटं आणि वर पुण्याहून किंवा संभाजीनगरहून बॅगेत चपटा करून नेलेला आकाशकंदील. मका, भोपळा आणि झेंडू, तिघांचीही मूळ भूमी एकच.

आकाशकंदिलाबद्दल थोडक्यात. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या, सुतळी, पिठाची खळ आणि पतंगाचा कागद यांत तो घरी होतो, आणि अर्धा दिवस लागतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची सजावट गेली, कागदी आणि कापडी कंदील थोडे सावरले. पणत्या मात्र कुंभाराकडच्याच घ्याव्यात आणि आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवाव्यात. कोरी माती तेल पिते. इथंही पाणीच.

मुलांच्या किल्ल्यांकडे येतो. पश्चिम महाराष्ट्रात ही हौस जुनी. आमच्याकडे ती नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांबरोबर आणि शाळांच्या स्पर्धांबरोबर वाढली. माझी तक्रार अशी, की शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभा असताना मुलं बांधतात रायगड आणि प्रतापगड. शिवरायांचे किल्ले बांधायची ओढ समजू शकतो, पण देवगिरी करायला अवघड आहे हेही खरं कारण आहे. बाकीचे डोंगर वीट-दगड रचून वर पोतं टाकून चिखल लिंपला की जमतात. देवगिरीचा डोंगर माणसांनी चहूबाजूंनी तासलेला आहे. कडा उभा, नितळ, चढायला बोटभर खाच नाही, आणि खाली खंदक. चिखलाचा असा कडा उभा राहत नाही, खाली बसतो. ज्या मुलांनी तो केला आहे त्यांनी डोंगराच्या खालच्या भागासाठी रंगाचा रिकामा डबा पालथा घातलेला मी पाहिला आहे. डब्याला चिखलाचा पातळ हात, वर मातीचा शंकू, शंकूवर अळीव पेरलेले. तीन-चार दिवसांत हिरवळ. किल्ल्यातल्या चौसष्ट मीटरच्या चांद मिनारासाठी पीव्हीसी पाईपचा तुकडा गेरूनं रंगवलेला. अंधारी भुयारासाठी बागेच्या पाईपचा वाकडा तुकडा, त्याच्या एका तोंडातून विजेरी मारली तर उजेड दुसऱ्या तोंडाशी पोचत नाही. मेंढा तोफेला पेनाचं टोपण. खंदकात पाणी भरायचं की नाही, यावर भांडण. आईचा नकार ठाम असतो : नळाला अजून तीन दिवस आहेत.

फ्लॅटमध्ये यातलं बरंच जमत नाही. उल्कानगरीपासून सातारा-देवळाईपर्यंत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पार्किंगमध्ये किल्ल्याला जागा नाही, सोसायटीच्या नियमांत मार्गिकेत कुंडी ठेवायला परवानगी नाही, आणि टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला सडा परवडत नाही. रांगोळीचे स्टिकर लावणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. पाणी न लागणारी ती एकच रांगोळी आहे. प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण मात्र मला बघवत नाही. होळीपर्यंत तसंच लटकतं, धूळ धरतं आणि दिवाळी आली की झटकून पुन्हा तेच. काही इमारतींतल्या बायकांनी यावर मार्ग काढला आहे : सगळ्या मजल्यांची मिळून एक रांगोळी, खाली फाटकाशी, एका बादलीच्या सड्यावर. कुणी ठिपके मांडायचे, कुणी रंग भरायचे, आणि रखवालदाराच्या मुलीनं कडेनं पणत्या.

अंगणाची दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत ज्याला जसं जमेल तसं. वृंदावनाला गेरू-चुन्याचा हात, चार उसांचा मांडव, बुडाशी चिंचा, आवळे, बोरं. टीव्ही सेंटरच्या चौकात उसाच्या मोळ्या उभ्या राहतात आणि पाच-सहा फुटांचा ऊस स्कूटरवर आडवा धरून नेणारी माणसं रहदारी अडवतात. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी मांडवाचा ऊस मुलांच्या दाताखाली जातो.

तोपर्यंत दारावरच्या तोरणातले झेंडू वाळून तपकिरी झालेले असतात. ते कचऱ्यात टाकू नयेत. फूल सोलून चोळलं की आतून काळ्या, लांबट, एका टोकाला पांढरट अशा बिया निघतात. कागदाच्या पुडीत भरून वर तारीख घालावी. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पेरल्या तर दसऱ्याला दारात फुलं येतात. बाजारातली फुलं बहुतेक संकरित वाणांची असतात, म्हणून घरच्या बियांची फुलं आईसारखी होतीलच असं नाही. काही लहान निघतात, काही एकेरी पाकळ्यांची, एखाद्या झाडाला भलताच लालसर रंग येतो. तोरणात चालतात.